आमच्या गाडीचं खरं ॲव्हरेज

आमच्या गाडीचं खरं ॲव्हरेज किती? गेल्या महिन्यात हा प्रश्न मला बऱ्याच लोकांनी विचारला... आणि प्रामाणिकपणे सांगते, मला माहीत नाही. मोजून बघितलं, तरीही माहीत नाही.

आम्ही तिसगावजवळ वस्तीवर राहतो. गाडी म्हणजे आप्पांनी, माझ्या वडिलांनी, जुनी घेतलेली सात सीटची डिझेल एसयूव्ही. रंग उडालाय, पण करंजीचा घाट अजून एका दमात चढते. तिची चावी आमच्या पडवीत खिळ्याला असते. ज्याला गरज पडेल तो सांगून घेऊन जातो.

मला नगरजवळ केडगावात माती परीक्षणाच्या लॅबमध्ये नोकरी लागली, तेव्हा मी घरात विषय काढला. ही गाडी विकू, छोटी सीएनजी घेऊ, मी रोज तिनेच जाईन. धूर, डिझेल, पुढच्या पिढ्यांची हवा... मी आप्पांना बरंच मोठं भाषण दिलं. मनापासून दिलं.

आप्पांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "घरातली पयली ग्रॅज्युएट तू. तुला पटंल तसं कर, मी मधी येनार न्हाई." गाडीवर त्यांचा किती जीव आहे ते मला माहीत होतं, म्हणून जरा चुटपुट लागली. तरी जाहिरात टाकली.

मग फोन सुरू झाले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच... कंपनीचं सांगू नका, खरं ॲव्हरेज किती? आप्पांना विचारलं तर म्हणाले, "देती की चांगलं." त्यांचीही चूक नाही. आमच्याकडे टाकी फुल कोणी करतच नाही. पाचशेचं टाक, हजाराचं टाक, असंच चालतं. मग मोजणार कशावरून?

दिवसभर मातीचे नमुने तपासणाऱ्या मुलीला हे सहन होईना. एका रविवारी तिसगावच्या पंपावर जाऊन टाकी काठोकाठ भरायला सांगितली. पंपावरचे दादा म्हणाले, "फुल? आप्पा काशीला निघाले का काय?"

मी ट्रिप मीटर शून्यावर आणला. गाडी काही दिवस नेहमीसारखी चालू द्यायची, पुन्हा इथेच काठोकाठ भरायची, आणि झालेल्या किलोमीटरला लागलेल्या डिझेलने भागायचं. सोपी पद्धत.

गाडी खरंच नेहमीसारखी चालली. शेजारच्या सलीमचाचांच्या सुनेला, शबानाभाभीला, अचानक कळा सुरू झाल्या. चाचांचा मुलगा तिला आमच्या गाडीतून नगरच्या दवाखान्यात घेऊन गेला. पलीकडचे भानुदासतात्या मुलीसाठी स्थळ बघायला सगळं घर भरून खर्ड्याला गेले.

चावी देताना मी प्रत्येकाला बजावत होते, मीटरचं ते बटण तेवढं दाबू नका. तात्या म्हणाले, "बटनाकडं कशाला बगतोय? नवरदेवाकडं बगायला चाललोय आमी."

नंतर मी पुन्हा पंपावर गेले. नळी लावली आणि थोड्याच वेळात कट झाली... टाकी भरली सुद्धा. भागाकार केला. चोवीस. एवढी अवजड गाडी, घाटाचा रस्ता, सात-सात माणसं, आणि चोवीसचं ॲव्हरेज.

तिथेच उभ्या उभ्या मी गाडीमालकांच्या ग्रुपवर हा आकडा टाकला. घरी पोचेपर्यंत कमेंट आल्या होत्या. "ताई, गाडी फक्त घाट उतरायलाच वापरता का?" दुसऱ्याने लिहिलं, "अर्धा रस्ता ढकलत नेली असेल."

सलीमचाचा दारात नव्या नातीला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना सगळा हिशोब सांगितला. ते म्हणाले, "मग आमचं डिझेल धरलं का त्यात?"

कुठलं डिझेल?

"नगरवरनं निघताना पोरानं टाकलं की. मोकळी गाडी आनून लावायची व्हय तुज्या दारात?"

मी तशीच तात्यांकडे गेले. तिथेही तेच. "शेजारची वाटी कधी रिकामी परत दिलीस का? ही जरा मोठी वाटी हाय, एवढंच," तात्या म्हणाले. "आनि स्थळ जमलं का ते इचार की आदी." स्थळ जमलं होतं...

बटण दाबायचं नाही, हे सगळ्यांनी नीट लक्षात ठेवलं होतं. डिझेल टाकलंय हे मला सांगावं, असं मात्र कुणाच्या मनातही आलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

संध्याकाळी आप्पांना विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं? ते म्हणाले, "टाकत असतील. कोन किती टाकतं ते मी कधी बगितलं न्हाई." आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

मी पुन्हा मोजू शकले असते. त्यासाठी चावी खिळ्यावरून काढून कपाटात ठेवावी लागली असती. पण मग जो आकडा आला असता, तो आमच्या गाडीचा नसताच.

हवेबद्दल मी जे बोलले ते मला अजूनही पटतं. फक्त त्या भाषणात मी ही गाडी एकाच घराची धरली होती. ती विकून छोट्या गाडीतून मी एकटी नगरला गेले असते, आणि वस्तीवरच्या प्रत्येकाने आपापली वेगळी गाडी शोधली असती. डिझेल त्यात वाचलं असतं का? हेही मला सांगता येत नाही. पण मी ज्या माणसांत वाढले, त्यांचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

ग्रुपवर लिहून टाकलं की आकडा चुकला, खरा मला माहीत नाही. काल सकाळी विक्रीची जाहिरात काढून टाकली. आणि हे मी आत्ता एसटीत खिडकीशी बसून लिहितेय... नवा पास पर्समध्ये आहे, चावी खिळ्याला.