बोटीवरचा भंडारा

साखराबाईंनी जन्मभर पाणी पाहिलं ते हंड्यातलं, नाहीतर टँकरच्या नळीतून रस्त्यावर सांडणारं. शिरूर कासार तालुक्यातल्या माणसाला याहून जास्त पाणी एका जागी दिसलं की त्याचा पहिला प्रश्न असतो, हे कुणाचं? बोटीचा कठडा घट्ट धरून साखराबाईंनीही तोच विचारला. शेजारी उभा असलेला हनुमान म्हणाला, सगळं आपल्या दादांचंच समजा काकू, आणि हसला. साखराबाई हसल्या नाहीत.

ही गोष्ट साधी नव्हती. साखराबाई म्हणजे गावातलं हसरं माणूस. मयतीच्या घरी पावणा चिखलात घसरला तरी यांचा पदर तोंडाशी जायचा. धनगराची बाई. नवरा सटवाआबा, थोडी मेंढरं, एक काळं कुत्रं आणि गावाच्या वरच्या अंगाला पसरलेलं गायरान, एवढ्यात सगळा संसार मावलेला. ग्रामपंचायतीच्या सदस्यसुद्धा त्या चालता चालता झाल्या. वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला, कुणीतरी यांचा अंगठा घेऊन अर्ज भरला, दुसरा अर्ज आलाच नाही, आणि पाटोद्याच्या बाजारात मेंढरू विकून घरी येईपर्यंत बाई निवडून आलेल्या. बैठकीत त्या दाराजवळची खुर्ची धरत. आत गावाचा विकास चाले, यांचं लक्ष बाहेर गायरानावर. कुणी विचारलं, काकू तुमचं काय मत, तर म्हणत, माजं मत, त्या तिकडं कुणाची तरी शेळी ज्वारीत शिरलीय.

इतके दिवस या मताला कुणी विचारत नव्हतं. आता विचारायला लागले, आणि तिथंच सगळं बिघडलं.

झालं असं की सरपंच वत्सलाबाई वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे उपसरपंच हाच खरा कारभारी. जुना उपसरपंच वारला. नवा निवडायची तारीख लागली, आणि बाकीचे सदस्य बरोबर निम्मे इकडं, निम्मे तिकडं झाले. मध्ये उरल्या साखराबाई. त्या ज्याच्याकडं झुकतील त्याचं गाव. एका बाजूनं उभा होता हनुमान, धर्मराजदादांचा चुलतभाऊ. हनुमान खुर्चीवर बसला की गायरान सोलरच्या कंपनीला जाणार, तारेचं कुंपण पडणार आणि मेंढरांनी काचा चाटत बसायचं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं, कारण मध्ये धर्मराजदादा होते.

दादा म्हणजे फार मऊ माणूस. आवाज कधी चढला नाही. दादांना रागावलेलं गावात कुणी पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलं असावं, ते आता पुण्याकडं राहतात.

निवडीच्या आधी सदस्यांना सहलीला न्यायची आपल्याकडं रीतच आहे. जुन्या निवडीच्या वेळी दादांनी मंडळींना महाबळेश्वरला ठेवलं होतं. तिथल्या लॉजवरून एक सदस्य चहा पिऊन येतो म्हणून जो बाहेर पडला, तो विरोधकांच्या जीपमध्ये बसूनच गावात उतरला. दादा चुकीतून शिकणारे. या खेपेला त्यांनी मुंबईहून लक्षद्वीपला जाणारी मोठी बोट ठरवली. बोटीला मागचं दार नसतं, आणि विरोधकांच्या जीपला पोहता येत नाही.

साखराबाईंना मात्र देवदर्शन असं सांगितलं होतं. त्या भाकरीचं गाठोडं आणि नारळ घेऊन निघाल्या. मुंबईच्या बंदरात सामान तपासणाऱ्या पोरीनं नारळ काढून ठेवून घेतला, तेव्हा त्यांना पहिली शंका आली. ज्या देवाला नारळ चालत नाही, तो देव कसला? पण तोवर हनुमाननं सगळ्यांचे मोबाईल एका कापडी पिशवीत गोळा केले होते. समुद्राची हवा बाधते, म्हणाला. स्वतःचा मोबाईल तेवढा त्यानं खिशात ठेवला. त्याच्या मोबाईलला हवा बाधत नसावी.

बोट सुटायच्या आधी सगळ्यांना एका जागी उभं करून, बोट बुडायला लागली तर काय करायचं ते शिकवण्यात आलं. साखराबाईंच्या शेजारच्या वॉर्डातल्या छबुबाईंनी विचारलं, बुडायची हाय तर बसवलं कावून? सगळे हसले. दादाही हसले आणि मऊ आवाजात म्हणाले, "भ्यायचं न्हाई. आपण समदे संग हाव ना. बुडतं ते एकटं माणूस."

त्यानंतर कुणी विनोद केला नाही.

बाकी पाहुणचारात खोट नव्हती. आश्रुबा नावाचे म्हातारे सदस्य लिफ्टवर इतके खूष झाले, की बोट बघायची सोडून दिवसभर खाली-वर करत राहिले. छबुबाईंनी जेवणाच्या हॉलमध्ये सतरा प्रकारच्या मिठाया बघून ठेचा मागितला. साखराबाईंना जेवण जाईना. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. त्या कठड्याशी गेल्या की हनुमान कठड्याशी. त्या खोलीकडं निघाल्या की दादांचा दुसरा माणूस जिन्यात. कुणी अडवत नव्हतं, कुणी दरडावत नव्हतं. फक्त वळवत होते. जन्मभर मेंढरं वळवलेल्या बाईला हे कळायला वेळ लागत नाही.

त्यातून गाव रिकामं. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, गल्लीला कुलपं. राहिलेले म्हातारे आणि कुत्री. गायरानात सटवाआबा एकटे. दादांनी चहा पिता पिता सहज विषय काढला, की आबांची काळजी करू नका, आपली पोरं तिथं लक्ष ठेवून हायेत. साखराबाईंनी कप खाली ठेवला. आजवर गायरानात लक्ष ठेवायची दादांच्या पोरांना कधी गरज पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादांनी सगळ्यांना वरच्या मजल्यावर एका कोपऱ्यात बसवलं आणि खिशातून रुमाल काढला. रुमालात बेलाची पानं आणि भंडारा होता. पिवळाधमक. छबुबाईंची बडबड तिथंच थांबली.

आपल्याकडं पैसे घेऊन मत फिरवणारे आहेत, दोन्हीकडून जेवून तिसऱ्याला मत देणारेही आहेत. पण बेलभंडारा उचलून शब्द फिरवलेला माणूस दाखवा. त्यातून धनगराची बाई, बिरोबाचा भंडारा. दादांनी तो मुद्दाम बिरोबाच्या ठाण्यावरून आणला होता. त्यांना कागदावर सही नको होती. साखराबाईंनी एकदा हातात भंडारा घेऊन हनुमानचं नाव घेतलं, की नंतर विरोधकांनी सोन्याची मेंढी दिली तरी मत हलणार नाही, हे दादा पुरतं ओळखून होते. आणि साखराबाईही.

आधी आश्रुबांपुढं रुमाल धरला. त्यांनी हात पुढं केला, तेवढ्यात साखराबाई म्हणाल्या, "दादा, हितं न्हाई जमायचं. पायाखाली भुई लागती. पाण्यावर बिरोबाची आण घेत न्हाईत."

असा नियम खरंच आहे की नाही, कुणाला सांगता येईना. आपल्या भागात बोटीवर आण घ्यायची वेळ आजवर कुणावर आली नव्हती. पण नाही म्हणायची छातीही कुणाची होईना. आश्रुबांनी हात मागं घेतला. हनुमान काही बोलणार होता, दादांनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. मग रुमालाची घडी घालून खिशात ठेवली.

"बरं काकू. उद्या बेट लागतंय. तिथं भुई हाय."

साखराबाईंनी भुई मागितली होती आणि ती उद्या मिळणार होती.

सकाळी बोट बेटापासून लांब उभी राहिली. छोट्या होड्यांतून माणसं किनाऱ्यावर न्यायला सुरुवात झाली. पांढरी वाळू, माडांची रांग, आणि पाणी इतकं निवळशंख की बघूनच भीती वाटावी. आमच्याकडं विहिरीचा तळ दिसला की उन्हाळा जड जातो. किनाऱ्यावर नाना खेळ मांडले होते. कुणी तोंडाला नळी लावून पाण्यात तोंड घालून मासे बघत होतं, कुणी वल्हं मारत होतं. दादांनी मंडळींना सगळं करायला लावलं. आश्रुबा धोतर खोचून केळ्याच्या आकाराच्या फुगलेल्या होडीवर बसले. ती मोटारबोटीनं ओढली तेव्हा त्यांनी बिरोबापासून मारुतीपर्यंत सगळ्यांना हाका मारल्या आणि उतरल्यावर म्हणाले, आजून एकदा.

साखराबाईंना काचेच्या तळाच्या होडीत बसवलं. एका बाजूला छबुबाई, समोर हनुमान. खाली काचेतून रंगीत मासे दिसत होते. छबुबाईंना नऊवारीचे काठ आठवत होते, हा जांभळा बग, हा पिवळा बग. साखराबाई एकाच जागी बघत होत्या. बारक्या मासळीचा एक थवा गोळा होऊन गरगरत होता, आणि त्याच्याभोवती मोठे मासे सावकाश फिरत होते. कुणी घाई करत नव्हतं. फेरी लहान लहान होत चालली होती. होडीवाल्यानं होडी पुढं घेतली, त्यामुळं पुढचं काही दिसलं नाही.

"छबे," साखराबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आपल्याला वाघर न लावता कोंडलंय."

वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायचं जाळं. छबुबाईंना ते ठाऊक होतं. त्यांनी काचेवरची नजर काढली नाही, पण पुढचा मासा कुठल्या रंगाचा आहे ते सांगितलं नाही.

किनाऱ्यावर माडाखाली सावलीत सतरंजी अंथरून दादा बसले होते. पुढं रुमाल उघडा. आश्रुबांनी भंडारा उचलला, दादांनी सांगितले ते शब्द म्हटले. छबुबाईंनी उचलला, त्यांचा आवाज बाहेरच आला नाही, तरी दादांनी मान हलवली. साखराबाई म्हणाल्या, आधी आमच्या ह्यांच्याशी बोलायचंय.

हनुमान म्हणाला, मोबाईल बोटीवर राहिले. दादांनी त्याला गप्प केलं आणि आपलाच मोबाईल काढून आबांचा नंबर लावला. बेटावर रेंज होती. दादांनी मोबाईल सगळ्यांना ऐकू येईल असा सतरंजीवर मधोमध ठेवला.

पलीकडून कुणीतरी उचलला. आवाज आबांचा नव्हता. तरुण पोराचा होता, आणि पाठीमागं जीपचं इंजिन चालू होतं.

"बोला दादा. आमी हाव गायरानातच."

दादा म्हणाले, आबांना दे. मग थोडा वेळ नुसता वारा. मग सटवाआबांचा खोकला. साखराबाईंनी विचारलं, मेंढरं कशी हायेत? आबा म्हणाले, बरी हायेत. जेवला का? जेवलो. मग साखराबाई थांबल्या. त्यांना काहीतरी कमी वाटत होतं. परकं माणूस गायरानात आलं की काळं कुत्रं घसा फुटेस्तोवर भुंकायचं.

"आवं, कुत्रं कावून गप हाय?"

"बांधलंय ह्यांनी. तोंड बी बांधलंय." आबांचा आवाज सपाट होता, बाजारभाव सांगावा तसा. "तू तुज्या मनानं कर. मी काय हितनं हालत न्हाई."

फोन बंद झाला. पलीकडून कुणी बंद केला, ते कळलं नाही.

दादांनी मोबाईल उचलला, पुसला, खिशात ठेवला. आणि रुमाल साखराबाईंपुढं सरकवला. म्हणाले, आबा समंजस माणूस हायेत. आता भुई बी हाय पायाखाली.

साखराबाई उठून उभ्या राहिल्या. सतरंजीवरून उतरून त्यांनी अनवाणी पाय वाळूत रोवले. वाकून मूठभर भंडारा उचलला, बेलाचं पान उचललं. थोडा भंडारा कपाळाला लावला. दादा शब्द सांगायला लागले, हनुमानला माजं मत... पण साखराबाई त्यांच्या मागून म्हणत नव्हत्या. त्यांचे स्वतःचे शब्द चालले होते, आणि मेंढराला हाक मारायचा तो लांब पल्ल्याचा आवाज होता, त्यामुळं पाण्यात नळी घालून मासे बघणारी माणसंही वर आली.

"बिरोबाच्या आणेनं सांगते. ज्याच्या हातनं गायरान जाईल, त्याला माजं मत न्हाई. मग माजं काय बी होवो."

आणि भंडारा उधळला. थोडा दादांच्या पांढऱ्या शर्टावर पडला.

दादांची अडचण अशी झाली, की भंडाऱ्याची आण फिरवता येत नाही यावर त्या बेटावर सगळ्यांत जास्त विश्वास त्यांचाच होता. म्हणून तर त्यांनी तो एवढ्या लांब आणला होता. दुसरी आण घ्यायला लावायची तर पहिली खोटी म्हणायची, आणि बिरोबाला खोटं म्हणायला दादांचीही जीभ वळत नव्हती. हनुमान उठला, त्याच्या हाताची मूठ वळली होती. दादांनी त्याला खाली बसवलं. शर्टावरचा भंडारा त्यांनी झटकला नाही, बोटानं उचलून कपाळाला लावला.

"मनातलं बोललात काकू, बरं केलं," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मऊ. "घर आजून लई लांब हाय आपलं."

परतीचा भोंगा झाला. साखराबाईंनी माडांच्या पलीकडं पाहिलं. तिकडं थोडी घरं होती, त्यामागं पुन्हा पाणीच. घरी जायला तीच एक बोट होती.

होडीत चढताना खलाशानं हात दिला. साखराबाई मधल्या बाकावर बसल्या. छबुबाई नेहमी त्यांना खेटून बसत. आज त्या नजर चुकवून टोकाच्या बाकावर गेल्या. आश्रुबाही त्यांच्या मागं गेले. साखराबाईंच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहिली. होडी सुटता सुटता एका बाजूला हनुमान येऊन बसला, आणि दुसऱ्या बाजूला दादा.