सात नंबरच्या म्हातारीचे केस

“अहो सिस्टर, हे कुठल्या धर्मात बसतं ते मला काय विचारता? मी डोकी भादरतो. देव नाही भादरत!”

“मग कुणाला विचारू मामा? कागदावर हिची ओळच नाही.”

कागद म्हणजे वॉर्डाच्या भिंतीवर चिकटवलेला तक्ता. ऑफिसातल्या साहेबांनी थंड खोलीत बसून टाइप करून घेतलेला. वर ठळक अक्षरात ‘निरनिराळे धर्म : नेहमीचे प्रश्न’. शिखाच्या केसाला विचारल्याशिवाय हात लावायचा का? नाही. मुसलमान बाईचं डोकं चारचौघांत उघडं करायचं का? नाही, पडदा ओढा. ज्यू माणसाकडून शनिवारी सही घ्यायची का? आधी विचारा. साहेबांनी सगळ्या जगाची विल्हेवाट दोन पानांत लावली होती. आणि सात नंबरची म्हातारी पांढरी वेणी मुठीत धरून भिंतीकडे तोंड करून बसली होती. “केस देणार नाही,” एवढंच म्हणत होती.

तिच्या डोक्यात रक्ताची गाठ. अकराला ऑपरेशन. घड्याळात सव्वानऊ. आज नंबर गेला तर पुढचा चार दिवसांनी, आणि गाठ चार दिवस थांबणार नाही, हे डॉक्टर तोंडावर सांगून गेले होते. लेक खिडकीशी मोबाइल चाळत उभा. फॉर्मवरच्या धर्माच्या रकान्यात त्याने आडवी रेघ मारलेली. “आमच्यात कुणी काही मानत नाही. उरका तुम्ही,” म्हणाला.

वस्तरेमामांनी तोंड कडू केलं. तसं ते कायमच कडू असायचं. स्वतःच्या मामाच्या दुकानात, जिन्याखालच्या दोन हात जागेत, ते हा धंदा शिकले. पुढे इस्पितळात लागले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. खरूज, उवा, रक्ताने चिकटलेल्या जटा, सगळ्यांतून त्यांचा हात फिरलेला. त्यांच्या डब्यातलं कुणी खात नसे. घरी बायको अंघोळ केल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घेत नसे. “आधी ते हात धू,” हाच तिचा रामराम.

पण त्यांना खरी शिसारी यायची ती प्रश्नांची. ज्याची मान हातात, तो दुसऱ्याचंच विचारणार. मामा, ते लोक दाढी का ठेवतात हो? ते अख्खं मुंडण का करतात? बायका डोकं का झाकतात, आत काय लपवतात? आणि शेवटी आवाज खाली आणून, “त्यांची डोकी घाण असतात ना?” पहिली काही वर्षं मामांनी जमेल तशी उत्तरं दिली. मग कळलं, उत्तर कुणालाच नको असतं. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उवा मोजायच्या असतात. स्वतःच्या आहेतच की डोक्यात, खाजवत बसलेल्या!

“म्हातारीला विचारलंत का?” मामा म्हणाले.

सिस्टरने लेकाकडे पाहिलं. लेकाने मान वर केली. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मामा खाटेशी गेले. “आजी, केस का देत नाही?”

म्हातारीने वळून त्यांच्या चपलेकडे बघितलं. “सकाळी त्या सहा नंबरच्या केसांचं काय केलंस रे तू?”

मामांना आठवलं. झाडूवाला आला नव्हता, त्यांची कंबर धरली होती. पडलेले केस त्यांनी चपलेनेच गोळा करून पट्ट्यांच्या बादलीत ढकलले होते. पुवाने पिवळ्या झालेल्या पट्ट्या. वर आलेले केस पायाने दाबलेही होते. बादली अजून तिथेच होती, माशा घोंघावत होत्या.

“आई, केसच ते,” लेक म्हणाला. “कचरा.”

“तू गप रे. तुला नाकच नाही.”

सिस्टरने पेन उचललं. “म्हणजे आजी, धर्म कुठला लिहू?”

“अगं बये, मला किळस येते! किळसेला कुठला धर्म लावतेस? माझे केस त्या घाणीत जाणार नाहीत. स्वच्छ फडक्यात बांधून माझ्या हातात दे, मग कर हवं ते.”

मामा बादली उचलून बाहेर ठेवून आले. कोपरापर्यंत हात धुतले, मग पुन्हा धुतले. वॉर्डात धुतलेलं फडकं सापडेना, तेव्हा डब्याला बांधलेला रुमाल सोडला. बायको बोलणार होती, दोन दिवस तरी बोलणार होती. रुमाल म्हातारीच्या मांडीवर पसरला.

वेणी मुळाशी कापून त्यांनी तशीच रुमालात ठेवली. मशीन फिरवलं, मग वस्तरा. खाली पडलेली एक बट वाकून हाताने उचलली. म्हातारी शेवटच्या फटकाऱ्यापर्यंत त्यांच्या पायांवरच नजर ठेवून होती. रुमालाला गाठ तिने स्वतः मारली, आणि मग कुठे सहीसाठी हात पुढे केला.

सव्वादहाला तिला नेलं. रुमाल उशीखाली राहिला. सिस्टरने लेकाला दटावून सांगितलं, त्याला हात लावायचा नाही.

मामा नऊ नंबरकडे वळले. आधी फरशीवर वर्तमानपत्र अंथरलं, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवलं. नऊ नंबरवाल्याने सगळं पाहिलं होतं. तो पुढे झुकला, आवाज खाली आणला. “मामा, ती म्हातारी त्यांच्यातली का हो? ते लोक केसांचं...”

“मान खाली,” मामा म्हणाले, आणि वस्तऱ्यात नवं पातं घातलं.