जेवणाच्या सुट्टीतली परीक्षा

काजं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून शर्टांच्या त्या कारखान्यात सगळ्या तिला काजमावशी म्हणत. नवरा जहाजावर असतो, असं तिने कामाला लागताना सांगितलं होतं. खरं तर एका सकाळी तिनेच त्याला घराबाहेर काढून कुलूप बदललं होतं. त्याला आता इतकी वर्षं झाली होती की जहाजच खरं वाटे.

कारखान्यात नव्या बाईच्या दोन परीक्षा होत. हाताची परीक्षा मास्तर घेत. माणसाची जेवणाच्या सुट्टीत होई. बायकांनी आडून आडून घरचं काढून घ्यायचं आणि मग मालकीणबाई टेबलावरच्या तिघींना विचारणार. पसंत असेल तर 'घ्या' म्हणायचं, नसेल तर गप्प राहायचं; दोघी गप्प राहिल्या की बाई नापास. म्हणजे कोणाच्या पोटावर पाय दिल्याचं पाप कोणाच्या जिभेला लागत नसे.

त्या दिवशीच्या नवीची काजं मावशीने सकाळीच पाहिली होती. घट्ट, एकसारखी.

"घरी कोण कोण असतं?" कॉलरवालीने डबा उघडता उघडता विचारलं.

"मी आणि मुलगी."

"आणि मुलीचे बाबा?"

"त्यांना मी काढलं घरातून."

"अगं बाई, काढलं म्हणजे? भाडेकरू होते की काय?" बटणवाली म्हणाली.

"राहायचे तसेच. भाडं तेवढं मी भरायचे."

बटणवालीला हसताना ठसका लागला. कॉलरवाली हसली नाही. "आमच्या मावशींचं बरं," ती म्हणाली, "साहेब तिकडे समुद्रावर. भांडायचं म्हटलं तरी सोय नाही."

"हं," मावशी म्हणाली आणि घास चावत राहिली.

डबे धुवून झाले. नवीला बाहेर जिन्यापाशी थांबायला सांगितलं. मालकीणबाईंनी कॉलरवालीकडे पाहिलं. ती गप्प. बटणवाली म्हणाली, "घ्या हो. जीभ तिखट आहे, पण बाई मोकळी आहे."

"मावशी? तुमच्याच शेजारी बसायचीय ती."

मावशी सुईत दोरा ओवत होती. घ्या म्हटलं की कॉलरवाली विचारणार, तुम्हाला कसा हिचा एवढा कळवळा? आणि ती विचारायला लागली की तळ गाठल्याशिवाय थांबत नसे.

"काजं झकास आहेत हं," मास्तर मधेच म्हणाले.

"कामाचं झालं, मास्तर. मी माणसाचं विचारतेय."

   मावशीचा दोरा पहिल्याच खेपेला सुईत गेला.

"बरं," मालकीणबाई म्हणाल्या. "सांगून या तिला."

वयाने मोठी म्हणून निरोप सांगायचं काम मावशीकडेच असे. नवी भिंतीला टेकून उभी होती. मावशीला पाहून तिने पदर नीट केला.

"जागा भरली म्हणतात."

"सकाळी तर रिकामी होती."

मावशीने बोटाला गुंडाळलेला दोरा सोडवला.

"नको कोण म्हणालं, मावशी?"

"कोणीच नाही."

ते खरंच होतं. नवीने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग पिशवी खांद्याला लावून जिना उतरू लागली. मावशी आत गेली, चष्मा पुसला आणि पुढचा शर्ट मांडीवर ओढला.