ठरावानं सोडलेलं पिल्लू

मार्गासनीला आम्ही आमच्या युवक मंडळाची पत्रकं वाटायला गेलो होतो. गुंजवणी नदी ओलांडून एक म्हातारी आली, खांद्यावरचं पोतं तिनं गवतात उलटं केलं आणि त्यातून मांजराचं पिल्लू पडलं. करडं, मूठभर. पुढचा उजवा पाय आत वळलेला. पंजा टेकायचाच नाही, मनगटावर भार देऊन ते लचकत चालायचं.

"पोत्यात घातलं म्हंजी वाट दिसत न्हाई," म्हातारी म्हणाली. "नदीपल्याड सोडलेलं मांजार माघारी येत न्हाई. मारलं न्हाई हां म्या. पर ह्या पायानं ते उंदीर कसा धरंल?"

मी पेटले. जो कामाचा त्यालाच जगायचा हक्क, ही मालकांची भाषा झाली, आजी, वगैरे वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग ने की तू. भाषण कशापाई?"

नेलं. खांद्यावरच्या पिशवीत, उरलेल्या पत्रकांवर बसवून.

आई घरात जनावर घेईना, म्हणून पिल्लू भोरला आमच्या मंडळाच्या खोलीत राहिलं. खोलीत पोस्टरं, रंगाचे डबे आणि पोस्टरं चिकटवायला मैद्याची शिजवलेली खळ. त्या खळीपायी उंदीर सुटलेले. मांजर आलं म्हणून आधी सगळे खूश झाले. पण पिल्लू उंदराकडे नुसतं बघायचं. उडी मारायला जायचं आणि कुशीवर कलंडायचं. एकदा खळीच्या भांड्यात तोंड घातलं, मिशा वाळून काड्यांसारख्या ताठ झाल्या, आणि त्याच अवतारात ते ओल्या पोस्टरांवरून फिरून आलं. 'समता' या शब्दावर पावलं उमटली. तीन नीट, चौथं फरफटलेलं.

आमच्याकडे सगळं मतानं ठरायचं. चहात साखर किती, इथपासून. आणि एक नियम होता: जो ठरावाविरुद्ध मत देईल त्यानंच तो ठराव पार पाडायचा. म्हणजे शिस्त अंगात मुरते. हा नियम मीच सुचवलेला, फार अभिमानानं.

पिल्लाचा ठराव आला.

"भावना बाजूला ठेवा, ताई," आमचे अध्यक्ष म्हणाले. वयानं माझ्याएवढेच, पण खुर्चीवर बसले की काकांसारखे बोलायचे. "मंडळाला उपयोग काय त्याचा?"

"तुमचा काय उपयोग आहे?" मी विचारलं.

हशा पिकला. तरी हात वर गेलेच. जिथून आणलं तिथं नेऊन सोडावं, असं ठरलं. विरोधात मी एकटी. म्हणजे सोडायचं मीच.

नसरापूरला एसटी बदलून मी मार्गासनीला निघाले. पिशवीतून डोकं काढून पिल्लू खिडकीबाहेर बघत होतं. मी स्वतःला समजावत होते, हा निर्णय माझा नाही. मी विरोध नोंदवला आहे. माझे हात स्वच्छ आहेत. 

नदीवर तीच म्हातारी धुणं धूत होती. मला बघून तिनं कपाळावर हात मारला.

"अगं बया! येष्टीनं माघारी आणलंस व्हय?"

"आमचं बहुमतानं ठरलं, आजी. मी नको म्हणत होते."

"मंग सोडतंय कोण? ते समदे आल्यात का?"

"नाही. मीच."

"मंग तूच सोडतीस की." तिनं धुणं पिळलं.

मला राग आला. "तुम्ही तरी काय केलंत? वाईटच ना?"

"वाईटच. पर म्या केलं, आसं म्हंती मी. तू कुनाचं नाव घेशील?"

मी काठावर बसून राहिले. पिल्लू पिशवीतून उतरलं, लचकत पाण्यापर्यंत गेलं, पाणी चाटून परत आलं आणि माझ्या चपलेवर बसलं. माझ्यावर विश्वास होता म्हणून नाही. दगड तापलेले होते, चप्पल तेवढी गार होती. मला ते बरं वाटलं. उपकाराची भाषा मला माणसांकडूनही ऐकवत नाही.

म्हातारीनं जाताना मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. पिल्लू पिशवीत घातलं आणि येणारी एसटी मी हात करून थांबवली.

खोलीवर जाऊन मी सांगितलं, "ठराव मोडला. मी मोडला."

अध्यक्षांनी लेखी खुलासा मागितला. मी दिला नाही. खुलासा करण्यासारखं काही नव्हतं, जे केलं ते सांगून झालं होतं. मला सभेत बोलायला बंदी झाली. ती योग्यच होती, असं मी आजही म्हणते. ठराव मोडला की दंड भरायचा. पण तो ठराव चुकीचा होता, हेही म्हणते, आणि दोन्ही म्हणताना माझी जीभ अडखळत नाही.

पिल्लू घरी नेलं. आईला विचारलं नाही, सांगितलं. तिनं आधी भाकरी उरकल्या. मग चुलीजवळ गोणपाट टाकत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे हितं झोपंल. तुझं काय ते तू बघ."