कापलेला सीन

सत्तरच्या दशकात कारंजा गावच्या जुन्या वेशीपाशी एका हिंदी सिनेमाचं शूटिंग झालं. तेव्हापासून घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मामा चहा झाला की वेस दाखवायला न्यायचा. "हिरोईन इथंच घोड्यावरून उतरली," असं सांगून तो त्यांनाही त्या जागी उभं करायचा.

पुढे सिनेमा गावच्या टॉकीजमध्ये लागला. आम्ही सगळे नटूनथटून गेलो, पण वेस काही पडद्यावर दिसली नाही.

परतताना मामीनं विचारलं, "आता पाहुण्यायले काय दाखवसान?"

 मामा म्हणाला, "जे कापलं तेच दाखवा लागते. बाकीचं तं लोक टॉकीजात पाहूनच राह्यले."

पुढच्या पाहुण्यांना त्यानं सांगितलं, की त्या सीनमध्ये हिरोच्या शेजारी तो स्वतः होता. मामीनं गंभीरपणे मान डोलावली.