आईच्या गळ्यातला क्रूस

वडील गेले तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि घरात सगळ्यांत शहाणी मीच, असा माझा ठाम समज होता. वडिलांना औषधांच्या नव्या कारखान्यात काम मिळालं म्हणून आम्ही नगरकडून पिंपरीला आलो होतो. आमच्या आळीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. रविवारी पाळक पुण्याहून सायकल हाणत यायचे, इकडची तिकडची चार माणसं जमायची आणि आमच्या पडवीत उपासना व्हायची.

आईच्या गळ्यात शेजारणींसारखीच काळी पोत होती. फक्त वाट्यांच्या जागी बोटाच्या पेराएवढा चांदीचा क्रूस. पाळक क्रूस वाहण्याबद्दल बोलू लागले की तिचा हात आपोआप तिकडे जायचा. मला त्याचा राग यायचा. प्रार्थनेत दागिने कसले चाचपतेस, असं मी तिला एकदा तोंडावर बोललेही होते.

चार दिवसांच्या तापात वडील गेले. आई भिंतीला टेकून बसली ती बोलेचना. पेटी बंद करायच्या आधी आमच्याकडे दूध घालणारी थेरगावची म्हातारी मला म्हणाली, “पोरी, आईची पोत काढ. ती गेलेल्यासंगं द्यायची असती. गळ्यात ऱ्हाऊ देऊ न्हाई.” आमच्यात तसं काही नव्हतं. पण चार बायका काय म्हणतील, याचीच मला जास्त धास्ती. मी आईच्या मानेमागचा दोरा तोडला आणि पोत क्रूसासकट वडिलांच्या हातांखाली ठेवली. आईला त्याचं भानच नव्हतं. दुपारच्या आत वडिलांना माती दिली.

तिसऱ्या दिवशी तिनं गळ्याशी हात नेला आणि विचारलं, “माझा क्रूस कुठंय गं?”

मी सांगितलं. ती म्हणाली, “तो सौभाग्याचा नव्हता. तुझ्या आधी मला एक मुलगा झाला होता. दहा महिन्यांचा होऊन गेला. त्याचे वाळे आटवून तो क्रूस करून घेतला होता. त्याचं दुसरं काहीच राहिलं नव्हतं माझ्याकडे.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तशीच उठले. पाळकांना गाठते, कबर उघडायला लावते, म्हणाले. आईनं माझा हात धरला.

“नको. त्यांना आता हलवायचं नाही. पोराचं होतं, बापाजवळ राहू दे.”

पाळक इतके रविवार जे वाहण्याबद्दल सांगत होते ते काय असतं, हे मला तेव्हा कळलं. आणि तिच्या खांद्यावर ते मीच ठेवलं होतं.

त्या बाळाचं नाव काय होतं, असं मी विचारलं. आमच्या घरात ते कधी कुणी उच्चारलं नव्हतं. तिनं ते दोनदा सांगितलं, आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदाच ती रडली. मी शेजारी बसून होते, पण तिला जवळ घ्यायचा धीर मला झाला नाही.