काढून टाक, काढून ठेव

बाबांना व्हॉइस मेसेज म्हणजे फोनच वाटायचा. बटण दाबून ते "हॅलो" म्हणत, थांबत, पुन्हा "हॅलो" म्हणत आणि मग माझ्यावरच चिडत, "काहून बोलून नाही राहिला बे?" ते गेल्यावर असे तीसेक मेसेज मी लॅपटॉपवर उतरवून घेतले. पुढे माझा फोन पाण्यात पडला आणि तेवढेच उरले. ते ठेवले कुठे, तर चालू कामाच्या फोल्डरमध्ये. रोज उघडतो म्हणजे हरवणार नाहीत, हे आमचं शहाणपण!

काम म्हणजे शेंदूरजनाघाटच्या एका संत्रा व्यापाऱ्यासाठी ॲप. मी अमरावतीत, आतेभाऊ अकोल्यात. गिट नावाच्या सॉफ्टवेअरमधून एकाचं काम दुसऱ्याकडे पोचतं. एका सकाळी त्याचा फोन आला.

"दादा, माह्या लॅपटॉपवर मामा कसे आले? दुपारी कोड व्यापाऱ्याले द्याचा हाये ना!"

कामासोबत मी बाबांनाही पाठवून बसलो होतो. ओशाळून म्हटलं, "काढून टाकतो लगेच." कमांड टाइप करता करता वाचून दाखवली, तर तो ओरडलाच.

"टाकू नको! त्यानं तुह्याकडच्या फाइलीबी उडतात. काढून ठेव. मधात कॅश्ड लिही. मंग गिट त्यायले विसरते, पन फाइली तुह्यापाशी राह्यतात."

माझं बोट एंटरवर होतं. खोटं कशाला सांगू, चांगलाच घाबरलो.

त्यानं सांगितलं तसं केलं. पुन्हा चूक होऊ नये म्हणून गिटनं दुर्लक्ष करायच्या यादीत फोल्डरचं नावही टाकायचं होतं. नाव होतं 'बाबा'. लिहिताना जिवावर आलं. ते असताना हे दुर्लक्ष मी यादीशिवायच करत होतो.

फोल्डर उघडून पाहिलं, सगळे मेसेज जागेवर होते. "आता पाठवू?" मी विचारलं.

"थांब. तुह्याकडचा बदल घेतला का माह्याकडच्या फाइली उडतात. मी आधी बाजूले काढून ठेवतो."

"तुले काहाले पाह्यजे?"

"एका मेसेजात मामा म्हनतात, भाच्याले सांग, हेल्मेट घालत जाय म्हना. माह्या तोंडावर त्यायनं मले कधी असं म्हटलं नाही."

कॉपी करताना त्याच्याकडून एक मेसेज सुरू झाला. अकोल्याहून बाबांचा आवाज आला, "हॅलो... हॅलो..."

"बोला बाबा," मी म्हटलं.